सूर एकाचा, आसन दुसऱ्याचे

गाण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न अमेरिकन गायक-गीतकार जॉनी कॅश आणि ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ कंपनीचे प्रमुख रिक रुबिन यांच्या बाबतीत श्रद्धेच्या प्रश्नाशी जोडला जातो. कॅश आर्कान्सामधल्या कापूस पिकवणाऱ्या बाप्तिस्ट कुटुंबात वाढलेले. रुबिन न्यूयॉर्क राज्यातल्या ज्यू घरातले, वयाने एकतीस वर्षांनी लहान आणि ‘डेफ जॅम’ या रॅप संगीताच्या कंपनीचे सहसंस्थापक.

कोलंबिया कंपनीने १९८६ साली कॅश यांना सोडले, आणि पुढच्या काही वर्षांत संगीत व्यवसायाने त्यांना जवळजवळ मोडीत काढले. रुबिन यांनी त्यांना लॉस एंजेलिसमधल्या आपल्या दिवाणखान्यात गिटार घेऊन बसवले आणि आवडतील ती गाणी म्हणायला सांगितले. वाद्यमेळ नाही, साथीला कोणी नाही. १९९४ चा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम असा झाला आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता हा त्या पाचांतला एक. या दृष्टीने पाहिले तर गाणारा कर्ता आणि रुबिन अधिष्ठान, अशी मांडणी सहज सुचते. ती अपुरी आहे. कारण रुबिन गाणीही सुचवत असत. ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक बँडचे ‘हर्ट’ हे गाणे त्यांनीच पुढे केले, तेव्हा कॅश यांना ते आपले वाटेना. मूळ गाणे व्यसनात खचलेल्या तरुणाचे. त्यातल्या मुकुटाला जोडलेला शिवराळ शब्द कॅश यांनी काढला आणि तिथे काट्यांचा मुकुट आणला. एवढ्या एका बदलाने गाण्यात ख्रिस्ताचे दुःखसहन शिरले. गाणे निवडले एकाने, त्याला अर्थ दिला दुसऱ्याने. यात कोणाचा वाटा किती, हे मोजता येत नाही, आणि मोजण्याचा आग्रह धरणेच चुकीचे.

२००२ च्या ‘द मॅन कम्स अराउंड’ या गाण्यात कॅश यांनी बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातला न्यायाचा दिवस स्वतःच्या शब्दांत मांडला. त्या दिवसावर ख्रिस्ती माणसासारखी श्रद्धा नसलेल्या रुबिन यांनी ते गाणे निर्माता म्हणून मनापासून जपले.

पुढे कॅश यांची प्रकृती ढासळली, तेव्हा दोघे रोज फोनवरून प्रभुभोजनाचा विधी करत. कॅश शब्द म्हणत, रुबिन दुसऱ्या टोकाला डोळे मिटून सहभागी होत. बाप्तिस्मा न झालेल्याने या विधीत भाग घ्यावा का, हा आक्षेप किरकोळ नाही. बहुतेक चर्चपरंपरांत त्याचे उत्तर नकारार्थीच येते. पण इथे श्रद्धावंतानेच दुसऱ्याला जवळ घेतले होते, आणि त्यासाठी धर्मांतराची अट घातली नव्हती. सिद्धान्त एक नसतानाही भक्तीत सोबत करता येते, असा कौल या नात्यावरून द्यावा लागतो.

मे २००३ मध्ये पत्नी जून कार्टर कॅश वारल्या. त्यानंतरही कॅश ध्वनिमुद्रण करत राहिले आणि १२ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या काळातल्या गाण्यांचा, रुबिन यांनी पूर्ण केलेला अल्बम २००६ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. कॅश यांना तो मान याआधी १९६९ मध्ये मिळाला होता.