पावटा सोलायला वेळ नाही?

वेळ नाही, हे कारण मला सांगू नकोस. रात्री साडेआठला बाहेरून जेवण मागवतेस, ते सव्वानऊला दारात येतं. मधला पाऊण तास तू काय करतेस? फोनवर दुसऱ्यांनी रांधलेलं बघतेस. कुणी कोथिंबीर चिरतंय, कुणी फोडणी घालतंय, आणि तू सोफ्यावर बसून ‘किती छान’ म्हणतेस. तेवढ्या वेळात पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा आणि शेंगदाण्याची चटणी एवढं ताट होतं, पोटभर जेवण होतं आणि कढई घासूनही होते. हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच बोलतेय.

तुला येत नसतं तर मी शांतपणे शिकवलं असतं. न येणाऱ्यावर मी कधी आवाज चढवला नाही. पण तुझ्या हाताला चव आहे. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, लसूण तांबूस झाल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, पिठलं रटरटलं की झाकण ठेवून वाफ काढायची, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. मग अडतं कुठे? हाताशी नाही, मनाशी अडतं. कळतं, पण वळत नाही. आणि न वळण्याला तू रोज नवं नाव देतेस. सोमवारी दमणूक, बुधवारी डोकं दुखणं, शुक्रवारी ‘आज जरा बदल’.

परवा तुझ्याकडे आले तेव्हा ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला. कुबट वास आला. कधी दळून आणलंस, विचारलं, तर तुला आठवेना. त्याच पिठाची भाकरी थापायला बसलीस. कडा चिरल्या, तव्यावर टाकताना मोडली, आणि तू म्हणालीस, ‘बाई, मला भाकरी जमतच नाही.’ नाचता येईना अंगण वाकडं! अगं, विरी गेलेल्या पिठाची भाकरी तुझ्या आजीलाही जमली नसती. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नाही. तिला धरून ठेवतं ते ताजं पीठ, कढत पाणी आणि तळव्याने रेटून रेटून मळणं. दोनच किलो दळून आण, पंधरा दिवसांत संपव, परत आण. गिरणी तुझ्या गल्लीच्या तोंडाला आहे. तिथवर जायचा कंटाळा तुझा, आणि बदनाम कोण? तुझा हात.

आणि राहतेस कुठे? सांगलीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे माण-खटाव, सगळीकडे शाळू उभा असतो. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा ज्वारीचे गुण सांगणारे लेख तू मला रोज पाठवत होतीस. लेख पाठवून भाकरी फुगते का?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही तुझी जुनी खोड आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे, हे शाळेत असताना तूच मला सांगितलं होतंस. आज तुझ्या मिसळणाच्या डब्यात कुठली हळद आहे? कुठल्या तरी मॉलमधली पुडी. ओली हळद आत्ता मंडईत आली आहे. आले-लिंबू घालून तिचं लोणचं करायला किती वेळ लागतो? किसायला जेवढा लागेल तेवढाच. हात पिवळे होतील म्हणून थांबलीस का?

बरं, तुझं माहेर कोरेगावचं. तिथल्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये मानांकन मिळालं, त्याच वर्षी सांगलीच्या बेदाण्यालाही. अंगावर पट्टे असलेला तो घेवडा तुझ्या आईने दिवाळीत निवडून, उन्हं देऊन, पिशवी भरून पाठवला. ती पिशवी अजून ओट्याखाली तशीच आहे, गाठसुद्धा सुटलेली नाही. आणि तू दुकानातून राजमा आणतेस, तो कसा करायचा ते फोनवर शोधतेस. राजम्याला मी नावं ठेवत नाही. पण आईने गाठ मारून दिलेलं तीन महिने न सोडणाऱ्या मुलीला काय म्हणायचं?

आता भोगीचं बोलू. त्याचा मला खरा राग आला आहे. भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत काय नव्हतं? पावटा, ओला घेवडा, हरभऱ्याचे घाटे, मटारच्या शेंगा, गाजरं, बोरं, उसाची कांडकी, कृष्णाकाठची कोवळी वांगी. तीळकूट घालून ही भाजी करायची, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. वर्षातून एकदा हे सगळं एकाच वेळी मिळतं. तू तिथे गेलीस, ढिगांचे फोटो काढलेस, लोकांना दाखवलेस, आणि रिकाम्या पिशवीने परत आलीस. का? ‘पावटा कोण सोलणार?’

कोण म्हणजे काय? तू सोलणार. तुझा नवरा सोलणार. त्याचे हात काय गहाण पडलेत? मुलगा दहा वर्षांचा झाला, त्याला परात देऊन शेजारी बसव. आमच्याकडे सोलायला बसलं की घरातली निम्मी भांडणं मिटायची आणि उरलेली निम्मी तिथेच सुरू व्हायची. तुम्ही तिघं एका खोलीत तीन पडद्यांसमोर बसता आणि घरात कुणी बोलत नाही अशी तक्रार करता. अर्धा किलो पावट्याला तिघांचे हात लागले तर एक मालिका संपायच्या आत परात भरते.

‘पुढच्या रविवारी करू’ असं मला म्हणालीस. पावटा तुझ्या रविवारची वाट बघणार आहे का? आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाले की शेंग जून होते, दाण्याची साल चिवट होते. हुरड्याचं तर त्याहून घाईचं काम. दाणा दुधाळ-मऊ आहे तोवरच हुरडा, भरून कडक झाला की ती ज्वारी. तुझ्या चुलत्यांचं शिवार तासगावच्या पुढे आहे, दर वर्षी ते बोलावतात. तू गेली नाहीस. पण माणशी पैसे मोजून, कर्ण्यावर गाणी लावलेल्या हुरडा पार्टीला मात्र गेलीस. चुलते काही बोलले नाहीत, तो त्यांचा मोठेपणा. मी बोलणार.

‘मुलगा खात नाही’ हे तुझं सगळ्यात आवडतं कारण. हे तू कुणासमोर म्हणतेस? त्याच्याच समोर! दहा वर्षांच्या पोराने स्वतःच्या आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं की ‘ह्याला भाजी आवडत नाही’, तर तो बिचारा काय करणार? आईचा शब्द खरा करणार. आणि खोटं कशाला बोलतेस? मे महिन्यात आजोळी तो ताकातल्या ज्वारीच्या कण्या वाटी पुढे करून परत मागून खातो. आंबील पितो. वाळवणाच्या दिवसात कुरडयांचा चीक गरम गरम, वर तेल घेऊन, भांड्याला तोंड लावून खातो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग कोरेगाव सोडून एसटी सांगलीला पोचेपर्यंत पोराची जीभ बदलते का? त्याची जीभ जागेवर आहे. तुझ्या घरात कण्याच शिजत नाहीत.

तू स्वतःला फसवतेस ती खरी जागा इथे आहे. तुला वाटतं, स्वयंपाक करायचा तर साग्रसंगीत करायचा. चार पदार्थ, कोशिंबीर, गोड, वर मांडणी. ते रोज होत नाही, म्हणून काहीच करायचं नाही. असं कुणी सांगितलं तुला? मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा तू काय मागितलंस? आसट भात, मेतकूट, चमचाभर साजूक तूप. मी करून आणलं, तू खाल्लंस, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. त्यात मी काय कसब दाखवलं होतं? तांदळात पाणी जास्त घातलं, एवढंच. माणमधल्या दुष्काळी शिवारातल्या बायका हुलगे भाजून दळून ठेवतात. पाऊस लागला की त्याच पिठाचं माडगं करतात, लसूण-जिरं ठेचून, मीठ आणि गुळाचा खडा घालून. वाटीभर पीठ, पातेलंभर पाणी, हातात सतत पळी. दहा मिनिटांत अंगात ऊब येते. तुला ते येतं. आखाडात कापण्या तळायला येतात, नागपंचमीला दिंडं उकडायला येतात. करत का नाहीस?

कमलाबाई ओगले तुझ्याच जिल्ह्यातल्या. 1913 मध्ये कुंडलला जन्म, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आल्या, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या, आणि 1970 मध्ये ‘रुचिरा’ लिहिलं. वाटी आणि चमचा ही मापं ठेवली, म्हणजे कुणाही बाईला घरातल्या भांड्यांनी ते करता यावं. किती घरांतल्या नवख्या मुली त्या पुस्तकावर तरल्या, त्याचा हिशेब नाही. तुझ्या आईनेही लग्नात तुला ते दिलं. कुठे आहे? मी पाहिलं ना. दिवाणखान्यात, शोभेच्या फुलदाणीखाली. त्याच्या पानांवर हळदीचा एक डाग नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकाला डाग नसणं ही लाजेची गोष्ट आहे.

तू आळशी आहेस असं मी म्हणत नाही. ऑफिसात तू दोन माणसांचं काम ओढतेस, मला माहीत आहे. तुझी दमणूक खरी आहे. म्हणूनच सांगते, दमलेल्या माणसाला तेलात पोहणारी पनीरची भाजी आणि गार झालेली रोटी लागते का, का ऊन ऊन मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड? तीच खिचडी कुकरला लावून तू अंघोळ करून येऊ शकतेस. स्वतःचे एवढे हाल करून घ्यायचा तुला हक्क नाही. एकटी असलीस तरी नाही. ‘एकटीसाठी काय करायचं’ हे वाक्य परत माझ्या कानावर येऊ देऊ नकोस. तू कुणी नाहीस का?

आज शनिवार. तो कुबट पिठाचा डबा आत्ता रिकामा कर, घासून पालथा घाल. सकाळी गिरणीतून ताजी ज्वारी दळून आण, नवऱ्याला पाठवलंस तरी चालेल. ओट्याखालची पिशवी सोड आणि रात्री झोपायच्या आधी वाटीभर वाघ्या घेवडा भिजत घाल. जुना झालाय, कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतील. कांदा-लसूण मसाला तुझ्याकडे आहे, दाण्याचं कूट करून ठेव. दुपारी साडेबाराला मी जेवायला येणार आहे. भाकरी चिरलेली असली तरी खाईन. बाहेरून मागवलेलं असलं, तर चपला न काढता परत जाईन.