बाटलीवरची इभ्रत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरला होता आणि लग्नसराईची चाहूल लागली होती. आमच्या धर्मग्रामातील सुतारकाम करणारे एक गृहस्थ संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ओसरीवर येऊन बसले. थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते. पतपेढीकडून कर्ज हवे होते आणि अर्जाला आमच्या शिफारशीची जोड मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. वहीच्या कागदावर त्यांनी खर्चाची यादी नीटनेटकी लिहून आणली होती : मांडव, जेवण, बँड, कपडे, दागिने. यादीच्या तळाशी एका परदेशी जिनच्या बारा बाटल्या होत्या. त्यांच्यापुढचा आकडा पाहून आम्ही थबकलो. तो मांडवाच्या खर्चाच्या जवळपास होता.

"अहो, या जिनमध्ये एवढे आहे तरी काय?" आम्ही विचारले.

"मला काय ठाऊक, फादर? मी ती कधी चाखलीसुद्धा नाही. पण मुलाकडची माणसं येणार. टेबलावर बाटली दिसली पाहिजे."

"दिसली पाहिजे" हे दोन शब्द त्यानंतर बरेच दिवस आमच्या मनात घोळत राहिले. मद्य ही पिण्याची वस्तू की पाहण्याची? आणि बाटलीवर जी किंमत छापलेली असते, ती नेमकी कशाची किंमत असते? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. धर्मगुरूने असल्या विषयात कशाला पडावे, असेही कोणी म्हणेल. मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. ज्या घराची धूळधाण दारूने केली आहे, त्या घराला महाग दारू आणि स्वस्त दारू यांतला भेद शिकवण्याची गरज नसते. परंतु आपल्या समाजात लग्नाच्या मांडवात पेला फिरतो, ही वस्तुस्थिती आहे. त्या पेल्याच्या पायी माणसे कर्जबाजारी होतात, हीही वस्तुस्थिती आहे. म्हणून हा विचार.

प्रथम न्याय्य बाजू मांडू. किंमत अगदीच खोटे बोलते असे नाही. धान्यापासून किंवा मळीपासून शुद्ध मद्यार्क तयार करायचा, त्यात जुनिपरची फळे, धणे, लिंबूवर्गीय फळांच्या साली असा मसाला घालायचा आणि तो पुन्हा गाळायचा, ही चांगल्या जिनची रीत. आयुर्वेद ज्याला हपुषा म्हणतो, तेच हे जुनिपर. स्वच्छ मद्यार्क, ताजा मसाला आणि गाळताना नेमके काय ठेवायचे व काय टाकायचे हे जाणणारा हात, या तिन्ही गोष्टींना पैसे पडतात. स्कॉच व्हिस्कीला तर कायद्याने किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात मुरावे लागते. त्या काळात पिंपातील काही मद्य हवेत उडून जाते आणि मालकाचे भांडवल अडकून पडते. तेव्हा जुन्या व्हिस्कीची किंमत ही काही अंशी काळाची किंमत असते.

किमतीच्या अगदी खालच्या टोकाला तर जीवनमरणाचा प्रश्न उभा राहतो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. दारू शुद्ध आहे एवढी खात्री मिळवण्याइतके पैसेही ज्याच्या खिशात नाहीत, त्याला स्वस्ताई केवढ्याला पडते, हे त्या वस्तीने पाहिले. म्हणून 'सगळी दारू सारखीच' असे म्हणणे सत्याला धरून नाही. वाईटापासून चांगल्यापर्यंतचे अंतर खरे आहे आणि त्या अंतराचे पैसे मागणे रास्त आहे.

पण चांगल्याच्या पुढे काय? जिनला पिंपात मुरावे लागत नाही. आज गाळलेली जिन थोड्याच दिवसांत बाटलीत भरता येते. जिन विकणारे अनेक कारखाने मूळ मद्यार्क स्वतः करतही नाहीत. तो मोठ्या कारखान्यांतून विकत घेतात आणि आपला मसाला तेवढा घालतात. तेव्हा एका चांगल्या जिनपेक्षा दुसरी जिन पाचपट महाग असेल, तर ती पाचपट चांगली कशी असणार? वाढीव पैसा दुसरीकडे जातो : जड काचेच्या घडीव बाटलीत, जाहिरातीत, दलालीत आणि करात.

कराचेच पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने आयात स्कॉच व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. त्या बाटलीची किंमत एकदम उतरली. आतल्या मद्याचा एक थेंबही बदलला नव्हता. आदल्या आठवड्यात ती बाटली टेबलावर मांडून ज्याने मान मिळवला, त्याने खरे पाहता सरकारी तिजोरीत भरलेल्या शुल्काचा मान मिळवला होता.

व्होडकाची कथा आणखी बोलकी आहे. अमेरिकेच्या नियमांत २०२० पर्यंत व्होडकाची व्याख्याच अशी होती की, जिला वेगळा गुण, वास, चव किंवा रंग नाही, ती व्होडका. अशा या पेयात सिडनी फ्रँक नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याने १९९७ च्या सुमारास 'ग्रे गूज' हे नाव बाजारात आणले. फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या या व्होडकाची किंमत त्याने इतरांपेक्षा मुद्दामच बरीच चढी ठेवली. महाग आहे म्हणजे उत्तम असणार, असे लोक समजतील, हा त्याचा होरा अचूक ठरला. २००४ मध्ये बकार्डी कंपनीने ते नाव दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेला विकत घेतले. व्होडका वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. पण येथे किंमत गुणामागून आली नाही. आधी किंमत आली, आणि गुण लोकांनी आपल्या मनाने पुरवला.

मन हा पुरवठा किती इमानाने करते, याचा प्रयोगही झाला आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी काही जणांना एकच द्राक्षारस दोनदा दिला. एकदा १० डॉलरचा म्हणून, एकदा ९० डॉलरचा म्हणून. ९० डॉलरचा अधिक आवडला, असे त्यांनी सांगितले. ते सौजन्यापोटी बोलत नव्हते. आनंदाची नोंद घेणारा मेंदूचा भागही त्या वेळी अधिक जागा झालेला यंत्रावर दिसला. पुढे किंमत न सांगता तेच द्राक्षारस दिले, तेव्हा हा फरक उरला नाही.

येथे एक चतुर वाचक आम्हाला अडवील. तो म्हणेल, "फादर, आनंद जर खरा आहे, तर फसवणूक कसली? नावामुळे चव वाढत असेल, तर नाव हादेखील वस्तूचा एक गुणच मानावा."

आक्षेप कच्चा नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना सिएनाचे संत बर्नार्दिन (१३८०–१४४४) यांचे मत आम्ही वाचले होते. वस्तूचे मोल तीन गोष्टींनी ठरते, असे ते शिकवीत : तिची उपयुक्तता, तिची दुर्मिळता आणि ती माणसाच्या मनाला किती भावते. तिसरी गोष्ट त्यांनी टाकून दिली नव्हती. माणसाला सुंदर वस्तू आवडते आणि त्या आवडीचे पैसे तो देतो, यात पाप नाही. सुबक बाटली पाहून कोणा सधन माणसाला सुख होत असेल आणि ते त्याला परवडत असेल, तर त्याच्याशी आमचा वाद नाही.

परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदी-विक्रीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. विकणाऱ्याला वस्तू देताना तोटा होत असेल, तर त्याने तो किमतीत धरावा. पण घेणाऱ्याला तिचा विशेष लाभ होणार आहे, एवढ्याच कारणाने त्याने किंमत वाढवू नये. कारण तो लाभ विकणाऱ्याच्या पदरचा नाही. तो घेणाऱ्याच्या परिस्थितीतून आलेला आहे. जे आपले नाही, ते कोणी विकू नये.

हा निकष आमच्या सुतारकाकांच्या यादीला लावून पाहा. त्यांना चवीचे सुख नको होते. ते जिन पीतच नव्हते. त्यांना मांडवात मान खाली घालावी लागू नये, एवढेच हवे होते. त्या बारा बाटल्यांच्या किमतीत मोठा वाटा या इभ्रतीचा होता. पण ती इभ्रत दुकानदाराच्या मालकीची होती काय? परदेशातील कारखानदाराच्या? नाही. ती मांडवात येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती होती. म्हणजे तुमच्या-आमच्या. आपण जी गोष्ट त्या बापाला फुकट देऊ शकत होतो, ती आपण दिली नाही. म्हणून त्याला ती दुकानातून, व्याजाच्या पैशाने, विकत घ्यावी लागली. कंपनीच्या लोभावर बोट ठेवणे सोपे आहे. पण तो लोभ आपल्या नजरेवर पोसला जातो.

ही नजर किती चंचल असते, हे जिनच्याच इतिहासात दिसते. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन म्हणजे दरिद्री वस्त्यांतील विनाशाचे दुसरे नाव होते. १७५१ साली विल्यम होगार्थने काढलेल्या 'जिन लेन' या चित्रात नशेत बुडालेल्या आईच्या हातून मूल खाली पडताना दिसते. त्याच वर्षी इंग्रज संसदेने तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. त्याच जिनला आज उंची हॉटेलांत मानाचे स्थान आहे. उलट आपल्या शेजारच्या गोव्यातील काजूची फेणी पाहा. झाडाखाली गळून पडलेली पिकलेली बोंडे वेचायची, रस काढायचा, तो आपसूक आंबू द्यायचा, एकदा गाळून हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी. केवढे हे कष्ट! २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी 'देशी' या एका शब्दाने ती कित्येक मांडवांत टेबलाखाली राहिली.

याच संदर्भात काना गावचे लग्न आम्हाला नव्याने आठवते. तेथेही यजमानाची लाज जाण्याची वेळ आली होती. द्राक्षारस संपला होता. ही अडचण प्रथम पवित्र मरियेच्या ध्यानी आली. पुढे सेवकांनी रांजणातून काढलेला द्राक्षारस भोजनकारभाऱ्यापुढे नेला. तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते, असे योहान मुद्दाम नमूद करतो. त्याच्यापुढे ना नाव होते, ना किंमत. त्याने चाखले आणि उत्तम ते उत्तम म्हटले. शिवाय ज्याला काही श्रेय नव्हते, त्या वराला बोलावून त्याने त्याचे कौतुक केले. जिभेची प्रामाणिकता आणि यजमानाची लाज राखणारी पाहुणचाराची रीत, दोन्ही त्या एका प्रसंगात आहेत. आणि त्या रांजणांवर कोणाचाही शिक्का नव्हता.

आता सुतारकाकांचे काय झाले ते सांगतो. आम्ही त्यांना समजावले. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले आणि बाटल्या आणल्याच. लग्नाच्या रात्री त्यांनी आम्हाला पुढच्या टेबलावर बसवले. एक बाटली दोन्ही हातांनी उचलून, तिच्यावरचे नाव आमच्याकडे येईल अशी धरली आणि म्हणाले, "बघा फादर, आणली." त्यांचा चेहरा उजळला होता. भोवतालचे पाहुणे पाहत होते. आणि आम्हीही पसंतीची मान डोलावली.

ते कर्ज फिटायला तीन वर्षे लागली. त्या कर्जातला काही भाग आमच्या त्या मान डोलावण्याचा होता, असे आम्हाला वाटते. त्या क्षणी आम्ही बाटलीकडे न पाहता, त्यांनी स्वतः रंधा मारून मुलीसाठी केलेल्या कपाटाची चौकशी करायला हवी होती. ते कपाट मांडवाच्या एका बाजूला, फुलांच्या माळा घालून ठेवलेले होते. त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते.