लग्नांतील केक आणि मुकादमाची उचल

लग्नसराई जवळ आली म्हणजे आमच्या मंडळ्यांतील वडीलजनांपुढें व उपदेशक बंधूंपुढें एक प्रश्न नेमानें येतो. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे : लग्नांत केक कापावा कीं कापूं नये, आणि कापावयाचा तर केवढा? कित्येकांस तो विचार करण्याजोगाही वाटत नाहीं. परंतु त्याच्या पोटांत दुसरे दोन प्रश्न दडलेले आहेत. ख्रिस्ती लग्न ख्रिस्ती कशानें ठरतें, हा एक. व मनुष्याचा मान कोणत्या गोष्टीनें वाढतो, हा दुसरा. म्हणून वाचकांनीं ह्या विषयाकडे थोडें लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे.

पहिल्याचा निकाल लवकर लागण्यासारखा आहे. केक हा ख्रिस्ती धर्माचा भाग व लाडू-करंजी हा हिंदू धर्माचा भाग, अशी समजूत कांहीं ठिकाणीं अद्यापि आढळते. तिला आधार नाहीं. प्राचीन रोमी लोकांत, ख्रिस्ताचें नांव तेथें पोहोंचण्यापूर्वीं, कन्फारेआशिओ नांवाचा एक विवाहविधि होता. त्यांत एका प्रकारच्या गव्हाची पोळी ज्युपिटर देवतेस अर्पण होई व वधूवर ती वांटून खात. लग्नाच्या केकाची वंशावळ पुष्कळ जण येथूनच काढतात, म्हणजे ती मूर्तीपुढें जाऊन थांबते! काना गांवच्या लग्नांत पाण्याचे सहा दगडी रांजण होते हें योहान सांगतो. तेथें गोड काय वाढलें होतें ह्याविषयीं तो एक अक्षरही लिहीत नाहीं.

आपण पाहतों तो पांढरा, थरांवर थर चढविलेला केक तर फारच अलीकडचा. साखर महाग होती तेव्हां शुभ्र साखर ही श्रीमंतीची खूण होती, आणि केकावर तिचा जाड लेप देणें म्हणजे पाहुण्यांना आपली थैली दाखविणेंच होय. १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या लग्नांतील केकाचें वजन सुमारें ३०० पौंड होतें. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ हिच्या लग्नाचा केक ९ फूट उंच होता, व इंग्लंडांत तेव्हां रेशन चालू असल्यामुळें त्याचें साहित्य ऑस्ट्रेलियाहून आलें होतें. त्याच देशांत युद्धामुळें १९४० सालीं केकावर साखरेचा लेप देण्यास बंदी झाली. मग सामान्य लोकांनीं काय केलें? लहानसा साधा केक करून त्यावर पुठ्ठ्याचें किंवा प्लास्टरचें पांढरें टोपण ठेवलें, आणि कापण्याच्या वेळीं टोपण उचलून आंतला केक वांटला. त्यामुळें कोणाचें लग्न कमी पवित्र ठरलें नाहीं. टोपणाची मात्र आम्हांस गंमत वाटते : साखर गेली तरी साखरेचें सोंग सुटेना.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणलें. अभंगाला जें चाललें तें बुंदीच्या लाडवाला कां चालूं नये? तसेंच उलटही खरें आहे. केक साहेबाचा म्हणून त्याज्य, हाही न्याय नव्हे. बटाटा व मिरची हीं दोन्हीं समुद्रापलीकडून आलीं, आणि आज त्यांवांचून आमची पंगत होत नाहीं.

दुसरा प्रश्न अवघड आहे, व तेथें घाई करून चालत नाहीं. आमच्या खेड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गांवच्या लग्नांत पंगतीला बसूं शकत नसत. पंगती उठल्यावर जें उरे तें त्यांच्या पदरांत पडे, आणि तेवढ्यासाठींही मांडवाबाहेर उभें राहावें लागे. अशाच्या नातवानें आपल्या मुलीच्या लग्नांत तीन थरांचा केक टेबलावर मांडला, व चार गांवच्या लोकांनीं तो पाहिला, तर त्यांत नुसता डौल आहे असें म्हणणें हें पोट भरलेल्याचें बोलणें होय. काटकसरीचा उपदेश पुष्कळदां अशा लोकांना झाला आहे कीं ज्यांच्यापाशीं काटण्यासारखें कांहीं नव्हतेंच. आणि उपदेश करणाऱ्याच्या बंगल्यांतला केक त्यांनीं खिडकींतून पाहिलेला होता. म्हणून केकाची हौस हें पाप, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. तो कोणाच्या पैशानें येतो, एवढेंच आम्ही विचारतों.

बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास कुटुंबें ऊसतोडीला जातात, हें वाचकांस सांगावयास नको. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. ती कशासाठीं घेतलेली असते? दवाखान्यासाठीं, घरावरच्या पत्र्यासाठीं, आणि लग्नासाठीं. मग पहांटेच्या थंडींत फडांत उतरावें, मोळ्या डोक्यावर वाहाव्या, पाचटाच्या खोपीपुढें चूल मांडावी, आणि हंगाम संपतांना हिशेबांत उचल फिटली नाहीं तर ती पुढच्या हंगामावर चढावी. ज्या पोरीच्या लग्नाकरितां उचल घेतली तीच पोर तोंवर नवऱ्याबरोबर दुसऱ्या कोयत्यावर गेलेली असते. केक पांढरा करणारी साखर ज्या उसाची, तो ऊस तोडणारे हात हेच. आजोबांस मांडवाबाहेर उभें राहावें लागलें. बापाला मुकादमाच्या दारांत उभें राहावें लागतें. ह्यांत मान वाढला कोठें?

साखर कोणाच्या श्रमाची, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांस नवा नाहीं. १७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याची सूचना इंग्लंडच्या पार्लमेंटांत फेटाळली गेली, तेव्हां तेथील पुष्कळ कुटुंबांनीं वेस्ट इंडीज बेटांची, गुलामांच्या श्रमाची साखर खाणें सोडलें. विल्यम केरी ह्यांनीं १७९२ सालच्या आपल्या निबंधांत ह्या कुटुंबांचा उल्लेख केला, आणि आठवड्यास सहा पेन्स किंवा एक शिलिंग अशी त्यांची जी बचत होते ती सुवार्तेच्या कामीं लावावी असें सुचविलें. हेच केरी पुढें बंगाल्यांत आले व १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. आमच्या वाचकांनीं साखर सोडावी असें आम्ही सुचवीत नाहीं. ऊसतोड्यांची भाकर तीवरच आहे, आणि लाडवांतही साखर असतेच. परंतु साखरेकडे पाहतांना तिच्यामागचे हात त्या कुटुंबांस दिसले, हें विसरण्याजोगें नाहीं.

वांटपाचीही एक गोष्ट आहे. करिंथच्या मंडळींत एक उपाशी राही व दुसरा तृप्त होई, आणि त्यामुळें गरिबांस लाज वाटे, म्हणून पौलानें तिला खडसावलें. आमच्या लग्नांत केक पुष्कळदां पहिल्या दोन रांगांतच संपतो; मागें उभीं असलेलीं मुलें बोटावरचें क्रीम चाटणाऱ्यांकडे पाहत राहतात. लाडवाचें असें होत नाहीं, कारण तो वळतांना पानें मोजलेलीं असतात.

केक अमुक किलोचाच पाहिजे, अशी मागणी वरपक्षाकडूनही येऊं लागली आहे. ती हुंड्याची धाकटी बहीण होय, आणि हुंडा देणें-घेणें हा तर १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पाळकांनीं व पंचांनीं हें बोलणें मांडवांत नव्हे, साखरपुड्याच्या बैठकींतच काढावें. सोयरीक पक्की होण्यास आमच्या भाषेनें साखरेच्या पुड्याचें नांव दिलेलें आहे. पुडा एकच, त्यास तीन थर नाहींत.

ज्यांच्या गांठीं रोकड आहे व मुलांची हौस आहे त्यांनीं केक अवश्य आणावा. वैशाखांतल्या उन्हांत क्रीमचा केक तालुक्याहून मोटारसायकलीवर येईपर्यंत एका बाजूस कलतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें. रव्याचा केक घरींच होतो : मोठ्या पातेल्यांत वाळू तापवून, तीवर केकाचें भांडें ठेवून, झांकण घालून मंद विस्तवावर तो भाजतां येतो. भांडें चौकोनी असलें म्हणजे पानें मोजून तितके तुकडे सहज पाडतां येतात.