पुरे म्हणण्याची सोय

कोलोनमधल्या जुन्या ब्राऊहाउसात दुसरी बीअर मागवावी लागत नाही. ती येते. पहिली संपतेय न संपतेय तोवर वेटर हजर होतो. त्याच्या हातात गोल ट्रे असतो, ट्रेच्या खाचांमध्ये अरुंद, सरळसोट ग्लास उभे असतात. तुमचा रिकामा ग्लास तो उचलतो, भरलेला ठेवतो आणि ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारून पुढच्या टेबलाकडे जातो. बोलणं नाही, विचारणं नाही. हे थांबवायचं असेल तर ती चकती ग्लासखालून काढून ग्लासवर ठेवायची. एवढंच.

मला हे माहीत नव्हतं. कामानिमित्त तीन आठवडे तिथे होतो. पहिल्याच शनिवारी एकटा जाऊन बसलो. टेबलं लांबलचक असतात, अनोळखी माणसांशेजारीच बसावं लागतं. खायला स्वस्तात मिळतंय म्हणून ‘हाल्व्हर हान’ मागवलं. शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा, पण ताटलीत आला राईचा पाव, चीज आणि मोहरी. हा तिथला जुना विनोद आहे आणि परका माणूस त्याला फसतोच. पाचवा ग्लास समोर आला तेव्हा माझा चेहरा बघून शेजारच्या आजोबांनी मला न विचारता माझी चकती उचलून ग्लासवर ठेवली आणि डोळे मिचकावले. मी तो पाचवा संपवला, चकती पुन्हा वर ठेवली. वेटर आला, रेघा मोजल्या, आकडा सांगितला, पैसे घेतले.

आणि मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. ‘बस? एवढ्यातच?’ असं कोणी म्हणालंच नाही. मी निघतोय याचं कोणाला काहीच वाटलं नाही. बाहेर कॅथीड्रलसमोर थंडीत उभं राहिल्यावर कळलं, की आपण आयुष्यात पहिल्यांदाच असं ‘पुरे’ म्हटलं आहे, जे पहिल्याच झटक्यात मान्य झालं.

या बीअरचं नाव क्योल्श. तिथल्या बोलीचंही नाव तेच, त्यामुळे ‘पिता येते अशी जगातली एकमेव भाषा’ हा विनोद प्रत्येक जण ऐकवतो. रंगाने फिकट सोनेरी, चवीला साधी. यीस्ट एलचं, पण नंतर लागरसारखी थंडीत मुरवलेली. ग्लास फक्त 200 मिलिलिटरचा, कारण फेस लवकर बसतो आणि मोठ्या ग्लासात ती कोमट आणि निर्जीव होते. 1986 साली तिथल्या ब्रूअरींनी आपसात करार करून ही बीअर कोणी, कुठे आणि कशी बनवायची ते ठरवलं. 1997 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे. चाळीसेक किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ. तिथली बीअर तांबूस-काळपट, तिचं नाव आल्ट, आणि दोन्ही गावांचं एकमेकांच्या बीअरबद्दलचं मत छापण्याजोगं नाही. चकतीचा नियम मात्र दोन्हीकडे तोच. गावोगावची बीअर चाखायचा मला नाद आहे, पण त्या प्रवासातून मी चवीपेक्षा हा नियमच जास्त घेऊन आलो. शिवाय चेक-इन बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या.

आता घरच्या जेवणाकडे येतो. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, मी नोकरीमुळे पुण्यात. खास कोणी येणार असेल तर मी कोंबडी-वडे करतो. ओल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटप काळपट होईपर्यंत भाजायचं, घाई केली की रस्सा कच्चट लागतो. वड्यांचं पीठ गावाहून येतं: तांदूळ, उडीद, धणे, मेथी, बडीशेप. या जेवणाची एक अडचण अशी, की वडा कढईतून थेट ताटात पडायला हवा. फुगलेला, कडेला कुरकुरीत. दहा मिनिटांनी तो चिवट होतो. म्हणजे एका माणसाने कढईपाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांच्या ताटात वडे येत राहायचे, ते मागवत नसताना. क्योल्शसारखंच. लहानपणी कढईपाशी आजी असायची, मग आई. सगळे पुरे म्हणेपर्यंत तिने जेवायचं नाही.

फरक पुढे आहे. आमच्याकडे ताटावर हात आडवा धरला, तर त्याचा अर्थ ‘पुरे’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘आता आग्रह करा’ असा होतो. बोटांच्या फटीतून वडा सरकवला जातो. आजीचं ठरलेलं वाक्य होतं, “काय लाजतस? खा!” त्यापुढची पायरी म्हणजे ‘बरं झालं नाही का?’ आणि शेवटचं अस्त्र, ‘माझ्यासाठी एक.’ यावर उत्तर नसतं. पोट बिघडलंय, डॉक्टरांनी सांगितलंय, आज उपास आहे, असं काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि त्या कारणाचीही उलटतपासणी होते.

कोलोनहून आल्यावर दुसऱ्या शनिवारी मी कॉलेजचे चार मित्र जेवायला बोलावले. वडे, कोंबडी, सोलकढी आणि त्या चार बाटल्या. अरुंद ग्लास ऑनलाइन मागवले होते. ब्राऊहाउसातून खिशात घालून आणलेल्या चकत्या मांडल्या. (चोरी म्हणता येईल. पण त्या कोऱ्या होत्या.) हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटने बाटली बघून म्हटलं, “मला नको रे.” मी म्हटलं, “अरे, कोलोनहून आणलीय, इथे मिळत नाही.” तो म्हणाला, “आज नको.” मी विचारलं, “का? गाडी चालवायचीय का? इथेच झोप.” दुसरा म्हणाला, “हा कधीपासून नको म्हणायला लागला?” सगळे हसले. तोही हसला. मी म्हटलं, “बीअर पण नाही, सरबत आहे हे. माझ्यासाठी एक ग्लास.” शेवटचं अस्त्र. त्याने घेतला. मग आणखी दोन घेतले, आणि नंतर कोणीतरी खाली जाऊन जे आणलं त्यातलंही घेतलं.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. भलत्याच विषयावर बोलत होता, मग मध्येच म्हणाला, “अकरा महिने झाले होते रे.” मला आधी कळलंच नाही. त्याने दारू सोडली होती. एकट्याने, कोणाला न सांगता, कारण सांगितलं की ती गोष्ट सगळ्यांची होते आणि मग प्रत्येक जण मोजत बसतो. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “तू काय केलंस? ग्लास मीच उचलला.”

हे वाक्य मला सोडत नाही, कारण ते खरं आहे आणि तरीही पुरेसं नाही. तो तिशीला आलेला, अक्कल असलेला माणूस आहे, त्याच्या तोंडात कोणी बीअर ओतली नाही. पण माझ्या बाजूने हिशोब मांडला तर दिसतं, की त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर ग्लास घ्यायचा, नाहीतर चार मित्रांसमोर, हसण्याच्या मध्यात, आयुष्यातली सगळ्यात खाजगी गोष्ट उघडी करायची. ‘नको’ हा शब्द त्याने दोनदा वापरून पाहिला होता. मी तो चालू दिला नाही. त्याच्याकडे कारण मागितलं. माझी चूक बीअर पाजण्यात होती तेवढीच, किंवा थोडी जास्तच, त्या ‘का?’ मध्ये होती.

ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये मध्यममार्गाची चर्चा आहे. तिथे तो एक साधी गोष्ट सांगतो: दहा मापं अन्न फार आणि दोन मापं थोडं, म्हणून पैलवानाचा वस्ताद सगळ्यांना सहा मापं देत नाही. मायलो नावाच्या मल्लाला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. मध्य हा माणसागणिक वेगळा. हे वाचताना मला नेहमी वाटायचं, की मग वस्ताद ठरवतो कसं? मायलोचं ठीक आहे, त्याचा देह दिसतो. पण माझ्या मित्राचं योग्य माप शून्य होतं आणि ते बाहेरून दिसत नव्हतं. यजमानाने वस्ताद व्हायचा प्रयत्नच करू नये, पाहुणा म्हणेल ते माप धरावं, एवढंच त्यातून निघतं.

मला हे लवकर समजायला हवं होतं, कारण याच गोष्टीचा मला पगार मिळतो. आमच्या ॲपमधलं सबस्क्रिप्शन रद्द करायचं तर तीन स्क्रीन ओलांडावे लागायचे. पहिल्यावर तुम्ही काय काय गमावणार त्याची यादी. दुसऱ्यावर ‘तुम्ही का जात आहात?’ आणि कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसऱ्यावर दोन महिने अर्ध्या किमतीत. ‘थांबतो’चं बटण भरगच्च निळं, ‘रद्द करा’ करड्या बारीक अक्षरात. ते कारण सक्तीचं करणारी अट मी स्वतः लिहिली होती, एका दुपारी, चहा पीत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यातली एक आहे ‘कन्फर्म शेमिंग’, म्हणजे नको म्हणणाऱ्याला अपराधी वाटायला लावणं. ती व्याख्या वाचताना मला कढईपाशी उभी असलेली आजी आठवली, आणि तिला त्या यादीत टाकल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

तो राग अगदीच भाबडा नव्हता. आमच्या वाडीतल्या बागेत कामाला एक गडी यायचा. दुपारी तोही जेवायचा, पडवीत. दोन वडे झाले की ताटावर हात धरून “पुरे” म्हणायचा. आजी आणखी तीन वाढायची, न विचारता, तो नको नको म्हणत असताना. तो सगळे खायचा. पहाटेपासून कष्ट केलेल्या माणसाची भूक दोन वड्यांनी भागत नाही. पण मालकाच्या घरी तिसरा मागणं त्याला शक्य नव्हतं. त्याचं ‘पुरे’ म्हणजे पोटाचं नव्हे, पायरीचं ‘पुरे’ होतं, आणि आजीला ते कळत होतं. (पडवीत का, घरात का नाही, हा प्रश्न तिला पडत नव्हता, तेही इथे लिहून ठेवतो.) जिथे मागायची लाज आहे तिथे आग्रह म्हणजे न मागता मिळण्याची सोय. ‘नाही म्हटलं की नाही’ हा नियम तिथे सरसकट लावला तर लाजणारा माणूस उपाशी उठेल आणि आपण त्याच्या इच्छेचा मान राखला म्हणून खूश होऊ.

म्हणून मला ती चकती आवडते. तिथे न मागता येतं, म्हणून लाजायला नको. आणि थांबवताना बोलावं लागत नाही, म्हणून कारण द्यायला नको. आमच्या आग्रहात पहिली अर्धी सोय आहे, दुसरी नाही.

पण कोलोनचंही फार कौतुक करू नये. चकती ग्लासवर ठेवायला आधी ग्लास हवा. तिथे बसून पाणी मागितलं तर वेटर विचारतो म्हणे, ‘सोबत साबण-टॉवेल देऊ का?’ सगळे हसतात, मागणाराही हसतो. पाचव्यानंतर थांबणाऱ्याला तिथे मान आहे, पहिलाच न घेणाऱ्याला नाही. माझा मित्र त्या टेबलावर बसला असता तर त्याची गत माझ्या घरी झाली तीच झाली असती.

गेल्या महिन्यात आई पुण्याला आली होती. मित्राला बोलावलं. फोनवर त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण घरात बीअर नव्हती. त्याचं मोजणं परत पहिल्यापासून सुरू आहे, असं मी धरून चालतो. कढईपाशी आई होती. तिने मला उभं राहू दिलं नाही, “तुझे वडे तेल पितात” म्हणून. पाचव्या वड्याला मित्राने ताटावर हात धरला. मी म्हटलं, “आई, राहू दे, तो पुरे म्हणतोय.” आईने माझ्याकडे असं बघितलं की मीच ताट ओढून घेतलंय. झारा तसाच पुढे आला, वडा बोटांवरून घसरत ताटात पडला. “काकू, बास!” तो ओरडला, आणि रश्शात बुडवून अर्धा वडा एका घासात खाल्ला. सहावाही खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावर नाइलाज नव्हता. मी बघत होतो, नीट.

मग आईने सोलकढीचं भांडं आणलं. त्याने ग्लासवर तळवा ठेवला. “का रे, आवडली नाही?” आईने विचारलं. “नाही काकू, मस्त आहे. आंबट सोसत नाही हल्ली,” तो म्हणाला. आई लगेच आवळकाठी, जिरं, काय काय घ्यावं ते सांगायला लागली आणि तो मान डोलवत ऐकत राहिला. पहिल्या वर्षाला हॉस्टेलमध्ये हाच माणूस पाणीपुरीचं पाणी वाट्या भरभरून प्यायचा. सोलकढी त्याला का नको होती ते मी विचारलेलं नाही.