भाजलेली वीट

इंग्लंडच्या लँकशायर भागात, ॲक्रिंग्टन नावाच्या गावात, एक म्हातारा राहत होता. सूतगिरण्यांचं आणि लाल विटांचं ते गाव. म्हाताऱ्याचा सारा जन्म वीटभट्टीवर गेला होता. गावाचा एक फुटबॉल क्लब होता, ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. १९२१ पासून तो देशाच्या मोठ्या लीगमध्ये खेळत होता, पण वरच्या दोन पायऱ्या त्याला कधी चढता आल्या नाहीत.

म्हाताऱ्याकडे एक लांबट वही होती. हंगाम सुरू झाला की तो पट्टी घेऊन जितके सामने तितक्या ओळी आखायचा. शनिवारी मैदानावरून परत आला की बूट दाराशी काढायचा, चहा घ्यायचा आणि निकाल लिहायचा. आठ वर्षांची नात शेजारी टिपकागद धरून बसायची. तो जिंकल्याचं आणि हरल्याचं सारख्याच अक्षरात लिहायचा.

क्लबची चाल मात्र बिघडत होती. १९५८ साली कारभाऱ्यांनी ऑल्डरशॉटच्या लष्करी कवायतींच्या मैदानावरचा एक जुना स्टँड स्वस्तात घेतला होता. तो उचलून आणण्यात आणि उभा करण्यात किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. स्टँड उभा राहिला, पण त्यात बसायला माणसं कमी कमी येऊ लागली. कर्ज वाढत गेलं.

१९६२ च्या मार्चमध्ये कारभाऱ्यांचा धीर सुटला. त्यांनी लीगला पत्र लिहिलं, आम्ही बाहेर पडतो. पत्र गेलं आणि पैशाची थोडी आशा दिसली. त्यांनी घाईघाईने दुसरं पत्र धाडलं, पहिलं धरू नका. लीगने उत्तर दिलं, पहिलं पत्र पोचलं आहे.

तेवढ्यावर ते थांबलं नाही. त्या हंगामात क्लबचे ३३ सामने झाले होते. पाच जिंकले, आठ बरोबरीत सुटले, वीस हरले. लीगने ते सगळे रद्द केले. तक्त्यातून क्लबचं नावच गेलं.

नातीने वही पुढे ओढली. ४६ ओळींपैकी ३३ भरलेल्या होत्या, तेरा कोऱ्या.

“आजोबा, आता हे पान खोडायचं का?”

“का खोडायचं?”

“ते सामने झालेच नाहीत, असं ठरलंय म्हणे.”

म्हातारा थोडा वेळ पानाकडे बघत राहिला. शेवटची भरलेली ओळ क्रू गावाच्या मैदानावरची होती, चार-शून्य, हार.

“बाळ, भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही,” तो म्हणाला. “ते पत्र भाजून निघालं होतं, ते परत कसं येणार? पण हे सामनेही भाजून निघालेत. पोरं चिखलात लोळली, गोलकीपरने पाठीतून वाकून कितीतरी वेळा चेंडू जाळ्यातून काढला. ते कोण परत घेणार?”

त्याने पान खोडलं नाही. तेरा ओळीही भरल्या नाहीत.

क्लब आणखी चार वर्षं जिल्ह्यातल्या लहान लीगमध्ये रेटत राहिला आणि १९६६ मध्ये बंद पडला. वही कपाटात गेली. पण १९६८ साली गावातली माणसं एकत्र बसली आणि त्यांनी क्लब पुन्हा उभा करायचं ठरवलं. १९७० मध्ये नव्या मैदानावर खेळ सुरू झाला. म्हाताऱ्याने वही काढली, पट्टी शोधली आणि नव्या पानावर ओळी आखल्या. समोरचे संघ कुणाच्या ऐकिवातले नव्हते. अक्षर तेच होतं.

पुढे म्हातारा गेला. वही नातीकडे आली. पायरी-पायरीने क्लब वर येत होता आणि ती लिहीत होती.

२००६ साली ॲक्रिंग्टन स्टॅन्ली परत मोठ्या लीगमध्ये आला. चव्वेचाळीस वर्षं मध्ये गेली होती. १९६२ मध्ये त्याची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. आणि नेमका २००६ मध्येच ऑक्सफर्ड लीगमधून खाली गेला. गावात लोक त्यावर हसले, नाचले. नातीने जुनं पान उघडलं. वाटलं, त्या तेरा ओळींत आज काहीतरी लिहावं. मग तिने पान मिटलं आणि नव्या पानावर ४६ ओळी आखल्या.

लीगमधला पहिलाच सामना क्लब हरला. तिने तो तितक्याच सावकाश, सारख्या अक्षरात लिहिला.

घाईने केलेलं परत घेता येत नाही, म्हणून आपण हळहळतो. पण ज्या नियमाने चूक पुसली जात नाही, त्याच नियमाने कष्टही पुसले जात नाहीत. दुसऱ्याच्या तक्त्यात ते धरले जावोत वा न जावोत. आपण आपली ओळ खरी लिहावी, कोरी राहिली तर कोरी ठेवावी आणि पुढचं पान आखायला घ्यावं.