सुप्त प्रतिमा आणि सत्कार्यवाद

कार्य कारणात आधीपासूनच असते की नव्याने उत्पन्न होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतेच, तर न्याय-वैशेषिकांच्या आरंभवादानुसार अवयवांच्या संयोगातून पूर्वी नसलेली वस्तू निर्माण होते. कृष्णधवल छायाचित्रणातील शीट फिल्मसाठी, म्हणजे ४ × ५ किंवा ८ × १० इंचांच्या सुट्या फिल्मसाठी, डेव्हलपर निवडताना हाच वाद रसायनाच्या पातळीवर उभा राहतो.

प्रकाश पडताच सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांवर चांदीच्या मोजक्या अणूंचे पुंजके तयार होतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ठशाला सुप्त प्रतिमा म्हणतात, आणि असे पुंजके असलेल्या स्फटिकांचे डेव्हलपर धातुरूप चांदीत रूपांतर करतो. योगसूत्रांच्या कैवल्यपादातील दृष्टान्तात शेतकरी शेतासाठी पाणी निर्माण करीत नाही, केवळ बांध फोडतो. डेव्हलपरचे कार्यही प्रथमदर्शनी तसेच भासते.

तपशील मात्र इतका सरळ नाही. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते स्फटिकांना किंचित विरघळवून चांदीचे कण बारीक राखते, परंतु मोठी शीट फारशी वाढवून छापली जात नसल्याने तेथे या गुणाचे महत्त्व कमी होते. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी डेव्हलपर म्हणून वापरलेले विषारी पायरोगॅलॉल चांदीबरोबर पिवळसर डागही निर्माण करते आणि हा डाग छपाईच्या वेळी प्रकाश अडवीत असल्याने छटांचे नाते बदलते. प्रकाश तोच असूनही प्रतिमा वेगळी होते.

याहून निर्णायक गोष्ट काळाची आहे. डेव्हलपर प्रकाश न लागलेल्या स्फटिकांनाही कायमचे सोडत नाही, त्यांच्यावर तो केवळ फार सावकाश क्रिया करतो. पुरेसा वेळ दिल्यास सारी फिल्म काळी पडेल. म्हणजे चांदीपुरते सांख्यांचे म्हणणे खरे ठरते, कारण ती प्रत्येक स्फटिकात संयुगरूपाने होतीच. प्रतिमेपुरते मात्र नैयायिकांचे पारडे जड होते, कारण प्रतिमा ही चांदीची विशिष्ट रचना आहे आणि ती क्रिया योग्य क्षणी थांबवल्यामुळेच टिकते.

त्यामुळे दृश्याशी सर्वांत प्रामाणिक डेव्हलपर कोणता, हा प्रश्न अपुरा ठरतो. रोल फिल्ममधील सर्व चित्रांना एकच वेळ द्यावा लागतो, तर प्रत्येक शीटचा वेळ स्वतंत्रपणे ठरवता येतो. म्हणून प्रकाशाच्या कोणत्या भेदांना किती मोल द्यायचे याचे उत्तरदायित्व येथे रसायनावर ढकलता येत नाही, ते निवडणाऱ्याकडेच राहते.