बापाची कूस

आमच्या अंधेरीच्या वस्तीत एक कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ राहतात. बायकोने खुला घेतला, सहा वर्षांची मुलगी बापाकडे राहिली. दिवसा ते एका कुरिअरच्या कचेरीत पाकिटे लावतात, रात्री हळदीला नाहीतर ऑर्केस्ट्राला जातात आणि शेवटच्या लोकलने परततात. तोवर मुलगी शेजारच्या खालांकडे झोपलेली असते. एका खांद्यावर ती आणि दुसऱ्यावर वाद्याची बॅग, असे जिना चढताना आम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिले आहे.

पाहून आम्ही काय बोललो तेही आठवते. पोरीची जात, आईकडे द्यावी. गाण्याबजावण्याच्या कमाईत बरकत कसली? ऑर्केस्ट्रातल्या एका गायिकेशी त्यांचे नाव जोडले गेले, तेव्हा तर आमची जीभ आणखी सैल झाली. आमच्याच घरच्या हळदीला आम्ही त्यांना बोलावले होते, पैसे ठरवताना घासाघीस केली होती, ते मात्र कुणाच्या ध्यानात राहिले नाही. (थोडे पैसे अजून द्यायचे आहेत.)

लहान मुलाच्या संगोपनाला फिकहमध्ये 'हिजानत' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कूस. हनफी मताने मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ही कूस आईची. आई नसेल तर आईची आई, मग बापाची आई, अशी बायकांची रांग लागते. आपण कोकणी मुसलमान बहुधा शाफई. त्या मताने मूल समजत्या वयाचे झाले की त्याला आईबापांत निवड करता येते. बापाकडे येते ती विलायत, म्हणजे खर्च, मालमत्ता, लग्न. कोर्टात 1890 चा पालक-पाल्य कायदा मुलाचे हित कशात आहे ते पाहतो. पण मोहल्ल्याच्या कोर्टात बाप म्हणजे खिसा, एवढेच ठरलेले असते.

खांद्याचे म्हणाल तर रसूलुल्लाह (स.) उमामा या आपल्या नातीला खांद्यावर घेऊन नमाज पढले, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकून सुभानल्लाह म्हणतो, आणि पोर रडले की तिच्या आईला हाक मारतो.

संगीत आणि संसार यांचे नाते सोपे असते, असे आम्हाला म्हणायचे नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, परक्यांची मुले आपल्या घरात ठेवून शिकवली. 1922 मध्ये ताराबाई माने पाच मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. मुलांच्या नावात बापाचे नाव उरले नाही. हिराबाईंना पुढची तालीम मुख्यतः वहीद खाँकडून मिळाली. 1937 मध्ये खाँसाहेब गेले. मिरजेच्या दर्ग्यातली त्यांची कबर आपण अभिमानाने दाखवतो, त्या घराविषयी बोलत नाही. सूर मुलांच्या वाट्याची रात्र खातो, हे खरेच आहे.

पण रात्र काय फक्त सूरच खातो? आपल्या कोकणातले बाप वर्षानुवर्षे आखातात राहिले, वर्षा-दोन वर्षांनी मुलांना भेटले. दाराशी आलेल्या माणसाला मूल 'अंकल' म्हणे. त्यांना आपण कर्ते पुरुष म्हटले. आमच्या या शेजाऱ्याने कीबोर्ड विकून रात्रपाळीची वॉचमनची नोकरी धरली असती तर मुलगी तितकीच खालांकडे झोपली असती, आणि आमच्यापैकी कुणी बरकतीचा विषय काढला नसता. मग आमचा राग पोरीच्या एकटेपणावर नव्हता. माणूस कष्ट करतो आणि त्यात त्याला आनंदही होतो, हे आम्हाला खपले नाही.

त्या गायिकेच्या बाबतीत मात्र आमचे त्यांच्याशी जमत नाही. बाई भली असेल. ती येते, मुलीच्या वेण्या घालते, मग महिना महिना दिसत नाही. निकाह करायचा की नाही हे त्या दोघांनी ठरवावे. पण एकदा आई घरातून गेलेली पोर दर वेळी जिन्याकडे बघत बसते, तिला काहीतरी सांगायला हवे. हे त्यांच्या तोंडावर बोलायचे धाडस आम्ही केले नाही. पाठीमागे बोलायला धाडस लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात खालांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आठ दिवस त्या लेकीकडे मुलुंडला होत्या. त्या आठ दिवसांत एकाही घराने पोरीला रात्री आत घेतले नाही. कुणाकडे पाहुणे होते, कुणाकडे परीक्षा. शनिवारी वस्तीतच एक हळद होती. ते वाजवत होते. स्पीकरच्या मागे दुमडलेल्या सतरंजीवर मुलगी कानांवर बापाचे स्वेटर गुंडाळून झोपली होती. आम्ही ताटे घेऊन तिच्या शेजारूनच गेलो.